लाइन म्हणजे काय?

आज मी आपल्याशी एका शब्दाविषयी बोलणार आहे. शब्द इंग्रजी आहे. पण ज्याला इंग्रजीचे एक अक्षर येत नाही अशा माणसाच्याही तो तोंडी आहे. शाळेची पायरी न चढलेली आजी तो वापरते, मास्तर वापरतात, गवंडी वापरतो, वायरमन वापरतो. तो शब्द म्हणजे ‘लाइन’. कोणी ‘लाइन’ म्हणतो, कोणी ‘लाईन’, कोणी ‘लायन’. यातल्या शेवटच्या उच्चाराने इंग्रजीत सिंह होतो; पण आपल्या रेशनच्या दुकानापुढे उभा असलेला सिंह कोणाला चावत नाही, तेव्हा ते सोडून देऊ.

आता हा शब्द एका दिवसात किती वेळा भेटतो ते पाहा. ताथवड्याचेच उदाहरण घेऊ. मुळशी तालुक्यातले हे गाव २००९ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. इथे एका बाजूला पशुसंवर्धन खात्याचे वळू माता प्रक्षेत्र आहे, दुसऱ्या बाजूने देहूरोड-कात्रज बाह्यवळण मार्ग जातो, शेजारी हिंजवडीची संगणकनगरी आहे. अशा गावात सकाळी नळाला पाणी आले नाही, की घरातली बाई विचारते, “पाण्याची लाइन फुटली का?” पंखा थांबला, की म्हातारा म्हणतो, “लाइन गेली वाटतं.” शाळेच्या पटांगणावर गुरुजी ओरडतात, “लाइनीत उभे राहा!” चाकणच्या कारखान्यात जाणारा मुलगा सांगतो, “आज मी दुसऱ्या लाइनवर आहे.” दुकानापुढे लाइन लागते, दाखल्याचा अर्ज ऑनलाइन करावा लागतो, आणि धाकट्याला नोकरी मिळाली की बाप समाधानाने म्हणतो, “चला, पोरगं लायनीला लागलं एकदाचं!”

ही सात वाक्ये झाली. आता लहानसा इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडा. तिथे ‘लाइन’ या शब्दापुढे पहिला अर्थ मिळेल ‘रेषा’. शाळेतही आपण तोच पाठ करून घेतो: लाइन म्हणजे रेषा, लाइन म्हणजे रेषा. पण या सातांपैकी एकाही वाक्यात तो अर्थ बसत नाही. रेषा फुटत नाही, रेषा जात नाही, आणि पोरगे रेषेला लागत नाही. म्हणजे कोश खोटा आहे काय? कोश खोटा नाही. पण एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द, अशी जोडी लावून दिली की भाषा आली, ही आपली समजूत मात्र खोटी आहे. तिच्यामुळे खेड्यातल्या मुलांचे फार नुकसान होते. पाठ केलेला अर्थ वाक्यात बसला नाही, की मुलाला वाटते आपलीच अक्कल कमी. ते गप्प बसते, आणि पुढे इंग्रजीला भिते.

तेव्हा हा शब्द आला कोठून आणि त्याला इतके अर्थ फुटले कसे, ते आधी पाहू.

मौज अशी की, या शब्दाचे मूळ एका पिकात आहे, आणि ते पीक आपल्याला अनोळखी नाही. विदर्भ-मराठवाड्यात रब्बीला आपण जवस घेतो. अळशी म्हणतात तीच. आपण तिचे बी काढतो, त्याचे तेल गाळतो, चटणी करतो. युरोपात त्या झाडाच्या दांड्यापासून धागाही काढीत. लॅटिन भाषेत जवसाला ‘लीनुम’ असे नाव आहे. त्या जवसाच्या धाग्याला, दोरीला ‘लीनेआ’ म्हणू लागले, आणि तोच शब्द पुढे इंग्रजीत ‘लाइन’ झाला. जवसाच्या सुताचे कापड ते ‘लिनन’. कोटाच्या आत हे कापड लावीत, म्हणून अस्तराला ‘लायनिंग’ म्हणू लागले. आणि आज आपले कामगार इंजिनाच्या सिलिंडरच्या आत जो ‘लायनर’ बसवतात, तोही याच गोतावळ्यातला. इंजिनाचे अस्तरच म्हणा ना!

म्हणजे ‘लाइन’चा पहिला अर्थ रेषा नव्हे. पहिला अर्थ धागा, दोरी. आणि हा मूळ अर्थ आपल्या गवंड्याने कसा नकळत जपून ठेवला आहे पाहा. भिंतीचा थर सरळ यावा म्हणून तो दोन टोकांना जी दोरी ताणतो तिला तो म्हणतो ‘लाइनदोरी’. एक शब्द इंग्रजी, एक मराठी, आणि दोहोंचा मूळ अर्थ एकच! ओळंबा, गुण्या आणि लाइनदोरी घेऊन निघालेल्या गवंड्याच्या पिशवीत शब्दाचा दोन हजार वर्षांचा इतिहास असतो, पण त्याचे ओझे त्याला होत नाही.

एकदा धागा हातात आला, की बाकीचे अर्थ त्याला धरून चालत येतात. ते मी चार गटांत सांगतो.

पहिला गट रेघेचा. दोरी ताणली की तिच्या खाली सरळ रेघ आखता येते. म्हणून दोरीचे नाव रेघेला मिळाले. मुलांच्या वहीत हीच रेघ असते. मराठीसाठी दुरेघी, इंग्रजीसाठी चाररेघी. कागदावर जिला रेघ म्हणतात, ती जमिनीवर उभी राहिली की आपण तिला बांध म्हणतो. बांधाची किंमत शेतकऱ्याला सांगायला नको. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. बांध एका बाजूला एकच फूट सरकला तरी गुंठ्यामागे ३३ चौरस फूट जमीन जाते. त्यासाठी भाऊ भावाशी बोलत नाही आणि दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

पवना-मुळेच्या काठी राहणाऱ्यांना आणखी दोन रेघा ठाऊक आहेत: निळी पूररेषा आणि लाल पूररेषा. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पोहोचते ती निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदी आणि निळी रेघ यांच्या मधला भाग निषिद्ध, निळी आणि लाल यांच्या मधला नियंत्रित. इथे शिक्षकांनी एक गोष्ट मुलांना अवश्य समजावून सांगावी. पंचवीस वर्षांतून एकदा याचा अर्थ पूर पंचवीस वर्षांनी ठरल्या तिथीला हजेरी लावतो असा नव्हे. कोणत्याही एका वर्षी तो येण्याचा संभव शेकडा चार, असा त्याचा अर्थ. यंदा आला म्हणून पुढची चोवीस वर्षे निश्चिंत झोपता येत नाही.

आणि ही रेघ किती क्रूर होऊ शकते हेही आपल्या देशाने पाहिले आहे. सर सिरिल रॅडक्लिफ हे गृहस्थ १९४७ च्या जुलैत भारतात आले. त्यापूर्वी ते या देशात कधी आले नव्हते. सुमारे पाच आठवड्यांत त्यांनी पंजाब आणि बंगाल या प्रांतांतून रेघ ओढली, आणि ती जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर. लाखो लोकांची घरे, विहिरी, शेते त्या एका रेघेने तोडली. इंग्रजीतला ‘डेडलाइन’ हा शब्दही असाच कठोर जन्माचा आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ च्या सुमारास, कैद्यांच्या तळावर एक रेघ आखलेली असे; ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालीत. पुढे वर्तमानपत्रांनी तो शब्द उचलला आणि त्याचा अर्थ झाला शेवटची मुदत. आज आपण सहज म्हणतो, “फॉर्म भरायची डेडलाइन उद्या आहे.” सुदैवाने आता गोळी घालीत नाहीत, फक्त फॉर्म परत करतात.

दुसरा गट रांगेचा. एका दोरीवर मणी ओवावेत तशी माणसे, घरे एकामागे एक आली की त्यांचीही ‘लाइन’ झाली. पोलिसांची घरे एका ओळीत बांधली म्हणून पोलीस लाइन. दुकानापुढची लाइन तीच. पंढरपूरला मात्र आपण अजून दर्शनबारी म्हणतो, आणि तो शब्द फार गोड आहे. रांग, ओळ, बारी हे शब्द आपल्याजवळ आहेत. यातल्या ‘ओळ’ शब्दाचे घराणे तर मोठे उजेडाचे आहे. संस्कृतातली ‘आवली’ हे त्याचे मूळ. दीपावलीची दिवाळी झाली, म्हणजे दिव्यांची ओळ. नावांची ओळ ती नामावळी, आणि वंशाची ओळ ती वंशावळ. वळू माता प्रक्षेत्रात गायी-वळूंच्या पिढ्यांची नोंद ठेवतात. इंग्रजीत त्या पिढ्यांच्या मालिकेलाही ‘लाइन’च म्हणतात. इंग्रजांनी दोरीवर पिढ्या ओवल्या, आपण ओळीत बसवल्या. कल्पना एकच.

तिसरा गट वाटेचा. दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. तेव्हा जे काही इथून तिथे नेते त्याला ‘लाइन’ म्हणू लागले. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली, १८५८ साली खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला, आणि १८६३ साली बोरघाटाचा दुवा जोडला गेला. रेल्वेच्या या वाटेबरोबर ‘लाइन’ हा शब्द मावळच्या गावागावांत शिरला. त्याच रुळांवरून लोणावळ्याची लोकल आज चिंचवडवरून जाते. पुढे तारायंत्राची लाइन आली, विजेची आली, टेलिफोनची आली, पाण्याची आली. पिंपरी-चिंचवडहून मेट्रो २०२२ साली धावू लागली. तिच्यासाठी मराठीत ‘मार्गिका’ हा शब्द केला आहे आणि तो फलकांवर रुळतोही आहे, पण प्रवासी एकमेकांना विचारतात ते “ही कोणती लाइन?” असेच.

आता गंमत पाहा. ज्या वस्तूवरून नाव पडले ती वस्तू गेली तरी नाव उरते. मोबाइलला तार नाही, दोरी नाही, तरी “लाइन लागत नाही”, “लाइन कट झाली” हे आपण म्हणतोच. तारसेवा २०१३ साली बंद झाली, तरी ‘तार’ हा शब्द पुसला गेला नाही. आणि २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा ‘ऑनलाइन’ हा शब्द वाडीवस्तीवर पोहोचला. जो तारेला जोडलेला आहे तो ऑनलाइन, असा मूळचा अर्थ. लेकरे रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसली होती, तिथे तार कुठली? पण शब्द तोच. पुढे सगळे अर्जही ऑनलाइन झाले, लाइनीत उभे राहावे लागू नये म्हणून! आणि सर्व्हर बंद पडला, की ऑनलाइनसाठी केंद्रासमोर पुन्हा लाइन लागते. एकाच वाक्यात शब्दाचे दोन अर्थ असे एकमेकांची थट्टा करतात.

चौथा गट कामाचा. १९१३ साली अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात एक नवी रीत सुरू झाली. माणसाने गाडीभोवती फिरायचे नाही. गाडीचा सांगाडा पट्ट्यावरून पुढे सरकत जायचा आणि प्रत्येकाने जागेवर उभे राहून आपले एकच काम करायचे. ज्या सांगाड्याच्या जोडणीला आधी बारा तासांहून अधिक वेळ लागे ती दीड तासावर आली. ही असेंब्ली लाइन. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, मग मोटारींचे आणि स्कूटरींचे कारखाने आले, पुढे चाकण वाढले. शेतावर पेरणी, खुरपणी, मळणी सगळे एकाच माणसाने करायचे. लाइनवर एका माणसाने दिवसभर चार बोल्टच आवळायचे. बैलाच्या चालीने काम करणाऱ्या माणसाच्या नातवाला पट्ट्याच्या चालीने काम करावे लागले. ‘लाइन’ या शब्दाने आपल्या भागात एवढा मोठा बदल सोसला आहे.

यातूनच ‘लाइन’ म्हणजे धंदा, पेशा असाही अर्थ आला. “तुझी लाइन कोणती? सायन्स की कॉमर्स?” “तो ड्रायव्हर लाइनचा आहे.” आणि मघाचा तो बाप म्हणतो तसे, “पोरगं लायनीला लागलं.” यात रांगही आहे, वाटही आहे, कामही आहे. तरुण मंडळींच्या बोलण्यात आणखी एक अर्थ आहे. तो मी इथे सांगत नाही; तो शाळेत शिकवावा लागत नाही.

इतके अर्थ, तरी बोलताना घोटाळा होत नाही. का बरे? याचे उत्तर मोठे सुंदर आहे. आपण मराठी माणसांनी या परक्या शब्दाला मराठी क्रियापदांच्या पंगतीला बसवले आहे. लाइन ‘गेली’ म्हटले की वीज. लाइन ‘फुटली’ म्हटले की पाणी. लाइन ‘कट झाली’ की टेलिफोन. लाइन ‘आखली’ की रेघ. लाइन ‘बदलली’ की धंदा. शब्द इंग्रजीचा, पण त्याचा अर्थ ठरवते मराठी क्रियापद. माणूस कोण ते त्याच्या सोबतीवरून कळते म्हणतात. शब्दाचेही तसेच आहे.

पण श्रोतेहो, दोन शब्द असे आहेत की तिथे ही सोबत दगा देते. ते म्हणजे ‘बंद’ आणि ‘चालू’. लाइन बंद आहे. कोणती? विजेची बंद असते, पाण्याची बंद असते, कारखान्याचा पट्टा बंद असतो, टेलिफोन बंद असतो. आणि नेमक्या याच वाक्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

कारखान्यातली गोष्ट घ्या. दुरुस्तीवाला विचारतो, “लाइन बंद आहे ना?” त्याच्या मनात विजेचा पुरवठा आहे. लाइनवरचा माणूस सांगतो, “हो, बंद आहे.” त्याच्या मनात असेंब्लीचा पट्टा आहे. दोघेही खरे बोलले, आणि तरी दुरुस्तीवाल्याचा हात जिवंत तारेला लागू शकतो. आपल्या औद्योगिक पट्ट्यात मराठवाड्यातला, विदर्भातला, बिहारचा, ओडिशाचा कामगार शेजारी शेजारी उभा असतो. सर्वांना समाईक असा शब्द ‘लाइन’. जितका शब्द समाईक तितका अर्थ मोघम, हे विसरू नये. म्हणूनच चांगल्या कारखान्यात नुसत्या तोंडी शब्दावर काम करीत नाहीत. ज्याने दुरुस्तीला हात घालायचा त्याने खटका पाडून त्याला स्वतःचे कुलूप लावायचे, किल्ली आपल्या खिशात ठेवायची, वर पाटी टांगायची, आणि पुरवठा खरोखर गेला का हे उपकरणाने तपासायचे. कुलपाला दोन अर्थ नसतात.

शेतावरची गोष्ट याहून गंभीर आहे. ‘लाइन गेली’ आणि ‘लाइन बंद केली’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गेलेली लाइन आपल्या मर्जीने कोणत्याही क्षणी परत येते. बंद केलेली लाइन कोणीतरी चालू केल्याशिवाय येत नाही, आणि ती कोणी चालू करू नये याची व्यवस्था आधी केलेली असते. रात्री पिकाला पाणी द्यायचे असते, मोटार बसलेली असते, कोणी म्हणतो, “लाइन गेलीय, तेवढ्यात डीपीवर फ्यूज टाकून घेऊ.” या ‘तेवढ्यात’ने कितीतरी घरांचे कुंकू पुसले आहे. शिवाय गाव अंधारात असले, तरी शेजारच्या कोणाचा जनरेटर चुकीचा जोडलेला असला तर तारेत वीज उलटी येऊ शकते. तेव्हा डीपीला हात लावणे हे आपले काम नव्हे. ते वीज कंपनीच्या माणसाचे काम, आणि तोही पुरवठा बंद केल्याची रीतसर परवानगी हातात पडल्याशिवाय खांबावर चढत नाही. त्या परवानगीला ‘लाइन क्लिअर’ म्हणतात. रेल्वेतही ‘लाइन क्लिअर’ आहे. तिथे त्याचा अर्थ पुढची वाट मोकळी आहे, गाडी सोडा. एकीकडे ‘काही येणार नाही, हात लावा’, दुसरीकडे ‘काही आडवे नाही, चला’. शब्द दोन्हीकडे तेच; पण दोन्ही ठिकाणी ते नुसते बोलून भागत नाही, नोंद करावी लागते. ज्या खात्यांनी माणसे गमावून शहाणपण मिळवले, त्यांनी शब्दाला नोंदीची जोड दिली. आपणही घरात, शेतावर निदान पूर्ण वाक्य बोलावे. “लाइन बंद आहे” असे नको. “मोटारीचा मेन स्विच मी पाडलाय, फ्यूज माझ्या हातात आहेत” असे म्हणावे.

आता शिक्षकमित्रांशी दोन शब्द. इंग्रजीत एका शब्दाला इतके अर्थ, म्हणून ती भाषा अवघड, असे मुलांच्या मनात भरवू नका. आपलीच भाषा पाहा. एक ‘लागणे’ घ्या. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, आग लागते, वेळ लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते; झाडाला आंबे लागतात आणि तो माझा मामा लागतो. एस. टी. स्टँडवर “गाडी लागली” म्हटले की माणसे पिशव्या उचलून धावतात, आणि घाटात कोणी “गाडी लागली” म्हटले की शेजारचा खिडकी उघडून देतो! हे सगळे आपल्या पाच वर्षांच्या मुलाला येते. ‘सूत’ घ्या. चात्यावरचे सूत, सुताराच्या मापातले सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि दोघांचे जमले की त्यांचे सूत जमले. सुताचेच संस्कृत भावंड ‘सूत्र’; त्यातून गणितातले सूत्र आले, नाटकातला सूत्रधार आला. धाग्यावरून नियमापर्यंत, मापापर्यंत, मैत्रीपर्यंत आपण गेलो. इंग्रज धाग्यावरून रेघेपर्यंत आणि रेल्वेपर्यंत गेले. ज्या मुलाला ‘लागणे’ येते त्याला ‘लाइन’ अवघड नाही. फक्त कोणीतरी त्याला हे सांगायला हवे.

म्हणून वर्गात एक साधा प्रयोग करावा. मुलांना सांगावे, आठवडाभर घरी, बाजारात, स्टँडवर ‘लाइन’ हा शब्द असलेले वाक्य कानावर पडले की ते जसेच्या तसे लिहून आणा. कोण बोलले आणि कोठे बोलले तेही लिहा. कारखान्यात जाणाऱ्या बापाला, वायरमनला, गवंड्याला विचारा. शनिवारी ती वाक्ये फळ्यावर घ्या आणि मुलांकडूनच त्यांचे गट पाडून घ्या: धागा, रेघ, रांग, वाट, काम. मग इंग्रजी वाक्ये द्या. ‘रीड द फर्स्ट लाइन’, ‘देअर इज अ लाँग लाइन ॲट द शॉप’, ‘द लाइन इज बिझी’. प्रत्येक वाक्याला तीनच प्रश्न विचारा: हे कोण बोलते आहे? कोठे बोलते आहे? शब्दाच्या शेजारी कोण बसले आहे? उत्तर मूल आपण होऊन काढील. ‘लाइन’ झाली की ‘पास’ घ्या, ‘चार्ज’ घ्या, ‘शिफ्ट’ घ्या. आपल्या भागात या शब्दांना तोटा नाही.

यात आणखी एक लाभ आहे. ज्या मुलाचा बाप गवंडी आहे त्याला ‘लाइनदोरी’ ठाऊक असते, आणि ती पुष्कळदा मास्तरांना ठाऊक नसते. त्या दिवशी ते मूल वर्गाला काहीतरी देते. शेवटच्या बाकावरचे मूल एकदा असे बोलते झाले, की ते पुन्हा सहसा गप्प होत नाही.

कोणी विचारील, “मग आम्ही रांग म्हणावं की लाइन?” जिथे आपला शब्द जिवंत आहे तिथे तो वापरावा. रांग, ओळ, रेघ, बांध, बारी हे शब्द वापरले नाहीत तर गंजतील. पण गवंड्याच्या तोंडची लाइनदोरी किंवा कामगाराच्या तोंडची लाइन हिसकावून घेण्याचे कारण नाही. तो शब्द त्यांनी कामाने कमावला आहे. सोवळे-ओवळे पाळण्यापेक्षा नेमकेपणा पाळावा. शब्द कोणत्या घराण्यातला, हे एक वेळ कळले नाही तरी चालेल. आत्ता, या जागी, बोलणाऱ्याच्या मनात त्याचा कोणता अर्थ आहे, हे कळले पाहिजे. आणि जिथे ते कळत नसेल तिथे “कोणती लाइन?” असे विचारायला लाजू नये. मुलांना शिकवण्यासारखा हा प्रश्न आहे. वर्गात तो एखादा गुण मिळवून देईल. विजेच्या खांबाखाली तो प्राण वाचवील.